ओढणारी गाडी, ढकलणारी गाडी

४ मार्च

मामा,

नमस्कार. वाकून केलेला नाही, कारण कंबरेत उसण भरलीय आणि डोक्यात राग. फोन केला नाही, कारण तूच म्हणतोस, फोनवर मी ओरडतो आणि कागदावर ओरडता येत नाही. बघू या येतं का.

मला तुझी गाडी हवीय. एका रविवारपुरती. कारण सांगतो, पण मामीला कळता कामा नये. (मामी, वाचत असशील तर इथेच थांब.)

आमच्या गॅरेजसमोर एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिथे शिकवणारी माझ्याहून जेमतेम एक वर्षाने मोठी, पण सगळे तिला बाई म्हणतात. सत्तरीचे विद्यार्थीसुद्धा. मीही बाईच म्हणतो. गेल्या महिन्यात तिच्या गाडीची क्लचची तार बदलून दिली आणि हात पुसता पुसता तिला लग्नाचं विचारलं. पूर्वतयारी काही नव्हती. तिने किल्ली उचलली आणि म्हणाली, ‘‘मार्चअखेर सांगते.’’

‘‘मार्चअखेरच का?’’

‘‘तोवर तू आणखी काय काय बोलतोस ते ऐकायचंय.’’

आणि परवा मी बोललो.

तिच्या गाडीच्या पुढच्या एक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटला होता. मी गाडीखाली, बाहेर फक्त पाय. ती तीन विद्यार्थ्यांना समजावत होती, ‘‘हिच्या इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. म्हणून ही आपल्याला ओढत नेते.’’ इथवर ठीक होतं. पुढे म्हणाली, ‘‘आणि चालवायला फार मजेची.’’

मामा, माझ्याच्याने राहवलं नाही. गाडीखालूनच म्हटलं, ‘‘ओढत नेण्यात कसली आलीय मजा? बाजारातून पिशवी ओढत आणल्यासारखं. मजा हवी तर मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. पाठीवर हात ठेवून ढकलते ती.’’

ती म्हणाली, ‘‘ढकलायला हातगाडी असते.’’

तिघे हसले. आमचे मालकही हसले. ती माझ्या पायांकडे बघून बोलत होती, आणि पायांनी भांडता येत नाही. मग मी सरपटत बाहेर आलो आणि तोंडाला ग्रीस असताना पाच मिनिटं भाषण दिलं. की तुझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना दोन-दोन नोकऱ्या. ओढायचंही त्यांनीच, वळायचंही त्यांनीच, आणि मागची दोघं नुसती बसून खातात. वळणावर जोर दिला की नाक बाहेरच्या बाजूला पळतं. मागून ढकलणारी गाडी मात्र जोर दिला की वळणात आणखी शिरते, शेपूट हलवून बोलते आपल्याशी. यातलं एक अक्षर खोटं नाही. पण शेवटी तोंडातून गेलं, ‘‘नवशिक्यांना शिकवणाऱ्यांना गाडी नुसती पोचवायची असते, चालवायची नसते.’’

हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा उतरला. विद्यार्थ्यांना घेऊन गेली ती गेलीच. आता गॅरेजमध्ये आली की मालकांशी बोलते. माझ्याशी काही असलं तरी मालकांनाच सांगते, मी समोर उभा असताना.

कॉलेज सोडलं तेव्हाही असंच झालं होतं, हे तू लिहिणार. लिहू नकोस. ते सर खरोखर चुकीचं शिकवत होते.

तर गाडी. तिच्या सरावाच्या मैदानावर खडी आहे. बावीस तारखेला रविवार. तिला तुझ्या गाडीत बसवून दोन फेऱ्या मारतो. पंधरा वर्षांचा असताना तुझ्या शेजारी बसून ओल्या मैदानावर ज्या मारल्या होत्या तशा. मी स्टिअरिंग वळवलं आणि मागची बाजू अशी अलगद फिरली की मला हसूच आलं. ते एकदा तिला कळलं की तीच म्हणेल, तुझं बरोबर होतं. मार्चअखेरीला सत्तावीस दिवस आहेत.

तुझा,
भडक्या


८ मार्च

भडक्या,

आशीर्वाद. शांतपणे घे.

पत्र पोचलं. कागदावरही ओरडता येतं हे कळलं. ‘खोटं नाही’च्या खाली तू पेन इतकं दाबलंयस की मागच्या पानावर भोक पडलंय.

बाई हुशार दिसते. हातगाडीचं उत्तर मला आवडलं. मी ते इथल्या दोन गोठ्यांत सांगूनही आलो.

आता गाडीविषयी. तिची तब्येत बरी नाही. बॅटरी उतरलीय. टायर बसलेत. शिवाय मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलीय, तिला उठवणं गुरांचा डॉक्टर म्हणून मला शोभणार नाही. तेव्हा बावीस तारखेचं काही जमेलसं वाटत नाही.

आणि मला सांग, या सगळ्यात गाडी हवीच कशाला? तू म्हणतोस, बोलायला नको होतं. हे वाक्य मला लिहिलंस. तिला सांगितलंस का? आमच्याकडे जनावराला सुई टोचली की मी आधी त्याच्या मानेवर हात ठेवतो, मग मालकाला बिल देतो. तू फेऱ्या मारून दाखवणार आहेस. ती फेऱ्या बघायला थांबलीय असं मला तरी तुझ्या पत्रातून दिसत नाही.

पुढून ओढणारी वाईट आणि मागून ढकलणारी चांगली, असं सरसकट असतं का रे? मी पस्तीस वर्षं वाटेल त्या रस्त्याने गेलो. मला वाटतं, मजा पुष्कळदा शेजारी कोण बसलंय त्यावर असते. पण मी काही मेकॅनिक नव्हे.

कंबरेला शेक दे.

मामा

ता. क. हे मी लिहितेय, मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं. कोंबडी बिंबडी काही नाही. गाडी कालच बाजारात जाऊन आली, मी आत होते. तुझा मामा काहीतरी पोटात ठेवून आहे. गाडीचं पत्र आल्यापासून उठून उठून अंगणात फेऱ्या घालतोय. आणि मुलगी उंच आहे का ते कळव.


१२ मार्च

मामा,

कोंबडीला माझा नमस्कार सांग.

काय झालंय ते मला कळत नाही, पण विचारत नाही. पेट्रोल मी भरतो, धुऊन देतो, वर आतलं गादीचं कापड शिवून देतो. रविवार बावीस. मी शनिवारी बसने येतो आणि गाडी घेऊन परततो. तू फक्त किल्ली दे.

आता चांगली बातमी. काल ती स्कूलच्या पायरीवर चहा पीत होती. मी सरळ गेलो आणि म्हटलं, बावीसला मैदानावर ये, एक गाडी दाखवतो. तिने मालकांना शोधलं, पण मालक नव्हते. त्यामुळे माझ्याशीच बोलावं लागलं.

‘‘कसली गाडी?’’

मग मी सुटलो. तुझ्या गाडीचं लांब नाक सांगितलं, तिचा तो घोगरा आवाज सांगितला. ओल्या मैदानातल्या फेऱ्या सांगितल्या. आणि तुझी करामतही सांगितली. वरच्या गोठ्याकडे जाणारा तो चिकणमातीचा चढ, तिथे जीपवाले अडकून बसायचे आणि तू पायथ्याशी गाडी उलटी फिरवून, खिडकीतून मान बाहेर काढून, रिव्हर्समध्ये सरसर वर जायचास. वर पोचलास की जीपवाल्यांना हात करायचास.

तिने कप खाली ठेवला. ‘‘रिव्हर्समध्ये? दर वेळी?’’

म्हटलं, ‘‘चिखल असला की दर वेळी. असा चालवणारा आहे माझा मामा.’’

मामा, तिची बोलतीच बंद झाली.  मग हसली, म्हणजे हसू दाबत होती, आणि म्हणाली, ‘‘मामांना भेटायला हवं.’’ बावीसला येते म्हणाली. निम्मी बाजी तर मी गाडीशिवायच मारली म्हणायची. उरलेली निम्मी तुझ्या किल्लीवर आहे.

मी तिला सॉरी म्हटलं का, असं तू विचारलंस. आधी जिंकतो, मग म्हणतो. जिंकल्यावर म्हटलेलं जास्त चांगलं दिसतं.

उंच आहे. माझ्या कानापर्यंत येते. मामीला सांग. तिला कळायला नको होतं, पण आता असू दे.

भडक्या


१५ मार्च

भडक्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितोय ते सरळ लिहितो.

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते.

पहिल्यापासून. नाक लांब आहे कारण इंजिन आत उभं बसवलंय, पण ताकद जाते पुढच्याच चाकांना. मागची दोघं, तुझ्या भाषेत, बसून खातात. तो चढ मी रिव्हर्समध्ये चढवायचो ते करामत म्हणून नव्हे. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि चिखलात नुसती गरगरतात. उलटी केली की तीच चाकं खालच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर पडतं. जीपवाल्यांना मी हात करायचो हे मात्र खरं. ते मजा म्हणून.

आता मैदानाचं ऐक. त्या वर्षी शाळेत मारामारी करून तू आमच्याकडे राहायला आलास आणि अकरा दिवस कुणाशी बोलला नाहीस. मामीने तुझ्यापुढे हात टेकले होते. बाराव्या दिवशी मी तुला गाडीत बसवलं. तू चालवत होतास, बरा चालवत होतास. तू वळण घेतलंस आणि मी दोन सीटांच्या मधला हँडब्रेक हळूच ओढला. मागची चाकं अडली, ओल्या गवतावर शेपूट फिरली. तुझी नजर समोर होती, तुला दिसलं नाही. आणि तू हसलास. आम्ही दोघं त्या हसण्यासाठी अकरा दिवस थांबलो होतो. म्हणून मी पुन्हा ओढला. प्रत्येक वळणावर ओढला. संध्याकाळपर्यंत माझा हात भरून आला.

उतरल्यावर तू विचारलंस, ‘‘मामा, ही मागून ढकलते ना? मी मासिकात वाचलंय, तशाच गाड्यांची शेपूट फिरते.’’ मी म्हटलं, हो.

एवढं एकच ‘हो’. वाटलं होतं, महिनाभरात तुला आपोआप कळेल. पण तू मेकॅनिक झालास आणि मग तर सांगायची सोयच उरली नाही. गेल्या वर्षी तू गाडीखाली बघायला जॅक घेऊन आलास तेव्हा मी तुला गोठ्यातला पंप उघडायला पाठवलं, आठवतं? पंप चांगला होता. आदल्या रात्री मीच त्याचा पट्टा काढून ठेवला होता.

गाडी न्यायची तर ने. बॅटरी ठणठणीत आहे. पण तिला काय म्हणून दाखवणार ते तू ठरव. चूक माझी, तोंडघशी पडणार तू. याचं वाईट वाटतं.

मामा


१९ मार्च

मामा,

पत्र मिळालं.

नऊ वर्षं. नऊ वर्षं मी कॉलेजात, बसमध्ये, गॅरेजात, भेटेल त्याला सांगत आलोय की मला ढकलणाऱ्या गाडीने चालवायला शिकवलं. अख्ख्या गावाला सांगितलं. तिला सांगितलं. आणि तो चढ मी स्वतःच्या तोंडाने सांगितला. मी मेकॅनिक आहे. मला कळायला हवं होतं. एवढं तर शेजारच्या चहावाल्यालाही कळलं असतं.

गाडी नको. काही नको. पत्र पाठवू नकोस.


२६ मार्च

भडकोबा,

पत्र पाठवू नकोस हे मामाला लिहिलंस, मला नाही. म्हणून मी लिहितेय.

तुझा मामा जेवतो, झोपतो, गुरं तपासतो, पण पोस्टमन आला की दारात जाऊन उभा राहतो. काल पोस्टमननेच त्याला विचारलं, ‘‘डॉक्टर, कुठली सुई यायचीय का?’’ गाडी धुऊन ठेवलीय. तू नाही म्हणालास तरी.

हँडब्रेकचं मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी त्याचा हात बैलाने दाबला. मी आठवडाभर शेकला होता. त्याचा हिशोब मी वेगळा करीन, तू मधे पडू नकोस.

पण एक सांगते. बारा दिवसांनी तू त्या संध्याकाळी घरात शिरलास आणि पायातले बूटही न काढता मला सगळं सांगायला लागलास. मला तेव्हा पुढची चाकं कुठली, मागची कुठली, कशाशी काही घेणं नव्हतं. आजही नाही.

बावीस तारीख होऊन गेली. काय झालं ते दोन ओळींत कळव. मुलगी नाही म्हणाली असेल तरी कळव.

मामी


३० मार्च

मामा आणि मामी (तू वाचणारच आहेस, म्हणून दोघांना),

उशीर झाला. रागावलो होतो म्हणून नाही. राग चौथ्या दिवशीच गेला. तिचं उत्तर यायचं होतं, त्याआधी काय लिहायचं ते कळत नव्हतं.

क्रमाने सांगतो. वीस तारखेला माझं तोंड बघून मालक म्हणाले, ‘‘कुणी गेलं का?’’ मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, ‘‘एवढंच ना? माझी जुनी व्हॅन ने. मागच्या चाकांवर चालते, मी स्वतः खात्री केलीय, मामांसारखं नाही.’’ शनिवारी ती घेऊन मैदानावर गेलो. मामा, खरंच शेपूट फिरली, कुणीही हँडब्रेक न ओढता. वळणात जोर दिला की ती मागून ढकलत होती आणि मी एकटा हसत होतो. मला जिंकता आलं असतं. मामांची गाडी बिघडली, ही घेऊन आलो, असं म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

रविवारी सकाळी व्हॅनची किल्ली मालकांच्या खिळ्यावर टांगली आणि चालत गेलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तिला शेजारी बसवून खोटं घेऊन फिरायचं, आणि ते पुढे नऊ वर्षं सांभाळायचं, आणि दर वेळी कुणी जॅक काढला की पंपाकडे पाठवायचं. माझ्याच्याने झालं नसतं. मी तुझ्याएवढा चिवट नाही.

ती तिची छोटी गाडी घेऊन आली होती. म्हणाली, ‘‘मामांची गाडी?’’

माझ्या तोंडून ‘‘बॅटरी’’ एवढं निघालंच. घराण्याचा गुण. मग थांबलो आणि म्हटलं, ‘‘मामांची गाडी पुढच्या चाकांवर चालते. मी तुला चुकीचं सांगितलं, पण ते मला माहीत नव्हतं. तुझ्या विद्यार्थ्यांसमोर जे बोललो ते मात्र माहीत असून बोललो. तुला लागावं म्हणून बोललो. ते चुकलं माझं.’’

जन्मात पहिल्यांदा असं म्हटलं असेल.   ती म्हणाली, ‘‘पहिलं मला माहीत होतं.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तू चढाची गोष्ट सांगितलीस तेव्हापासून. रिव्हर्समध्ये चढणारी गाडी कुठल्या चाकांवर चालते ते मी पहिल्याच आठवड्यात शिकवते.’’

‘‘मग बोलली का नाहीस? एका वाक्यात मला आडवा केला असतास.’’

‘‘तू इतका खुशीत सांगत होतास. मामांनी नऊ वर्षं सांभाळलं, म्हटलं आपण अकरा दिवस सांभाळावं.’’

मामा, तिला अजून हँडब्रेकचं ठाऊक नव्हतं. ते मी तेव्हा सांगितलं, अकरा दिवस गप्प होतो त्यासकट.  तिने तिच्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि शेजारी बसली. ‘‘चल, बाई शिकवतात तसं चालव. वळणात वेगाने शीर. नाक बाहेर पळायला लागलं की घाबरून ब्रेक दाबू नकोस. नुसता पाय उचल.’’

मी पाय उचलला. आणि नाक आत आलं, मागची बाजू हलकी झाली आणि गाडी अशी सुरेख वळली की मी तिच्या हातांकडे बघितलं. तिने दोन्ही हात वर करून दाखवले. ‘‘मी कशालाही हात लावला नाही.’’ आणखी वीस-एक फेऱ्या मारल्या. ती गाडी फार लहान आहे, फार हलकी आहे, तिच्यात असेल नसेल ते सगळं वापरता येतं आणि तरी आपण जिवंत राहतो. व्हॅनमध्ये मी एकटा हसलो होतो. इथे दोघं हसत होतो. शेजारी कोण बसलंय ते तुझं वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही, घरी गेल्यावर आठवलं. खूश होऊ नकोस.

पण उत्तर तिने दिलं नाही. मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर. आठवडाभर मी जिभेला कुलूप लावून होतो. मालक म्हणाले, ‘‘असाच राहा, आणखी चार दिवस कळ काढ.’’

काल ती टायरमध्ये हवा भरायला आली. रविवार होता, गॅरेजमध्ये मालक आणि मी दोघंच. ती म्हणाली, ‘‘तू हल्ली काही बोलत नाहीस.’’ म्हटलं, बोलण्यासारखं काही नाही. म्हणाली, ‘‘आहे. कपाळावर शीर उडतेय.’’

आणि मामा, मी बोललो. म्हटलं, ‘‘तुझ्या गाडीत मजा आली. खोटं नाही. पण मागून ढकलणाऱ्या गाडीत थोडी जास्त येते. थोडीच. पण जास्त. मी व्हॅन चालवून बघितलीय. तुला आवडावं म्हणून मी ते नाही असं म्हणणार नाही.’’

मालकांनी कपाळाला हात लावला आणि आत निघून गेले.

तिने हवेची नळी खाली ठेवली. टायरचं टोपण घट्ट केलं. हात झटकले. म्हणाली, ‘‘सात दिवस तू गप्प होतास तेव्हा मला काळजी वाटायला लागली होती, की हा आता जन्मभर मला खूश करायला हो ला हो करणार. हे बरं झालं.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे लग्न मला तुझ्याशी करायचंय, तुझ्या मताशी नाही. मत बरोबर आणलंस तरी चालेल. पण ते मागच्या सीटवर बसेल.’’

मार्च संपायला दोन दिवस बाकी होते. ते तिने मला सोडून दिले.

पाच एप्रिलला रविवार आहे. दुपारच्या जेवणाला पोचतो, गाडी तिची, चालवणार तीच. मामी, जास्त काही करू नकोस. मामा, कुठेही जाऊ नकोस आणि कुठलाही पंप बिघडवू नकोस. आम्ही तिघं येतोय. पुढे ती आणि मी, आणि मागे, खिडकीपाशी, माझं मत.

तुमचा,
भडक्या